चार शीट प्लायवुडात दोघांची होडी

खाडीच्या आतल्या पाण्यात गळ टाकायला किंवा पाग फेकायला सपाट बुडाची होडी सोयीची. पाग फेकणारा माणूस उभा असतो, आणि सपाट बूड त्याला लगेच कलंडू देत नाही. घरी बांधायलाही हीच सोपी. खाली दिलेली होडी वरच्या काठावर सुमारे पावणेबारा फूट लांब, मध्यावर वरून १११ सेंमी आणि बुडाला ९० सेंमी रुंद आहे. वजन ७० किलोच्या आसपास. दोन माणसं, वल्ही आणि जाळं एवढाच तिचा भार. ती खाडी, नदी आणि तलावासाठी आहे. उघड्या समुद्रावर नेऊ नये. तिथल्या लाटेवर पुढचं सपाट बूड आपटतं आणि काठ कमी पडतो.

पद्धत शिवणीची. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून होड्या बांधायची जुनी रीत होती. इथे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीचा (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाचा) लगदा भरायचा आणि त्यावर काचकापड चढवायचं. टाके तात्पुरते, जोड इपॉक्सीचा. पठाण (होडीचा तळचा कणा) आणि वाक (तिच्या बरगड्या) बसवायला लागणारा कसबी हात इथे लागत नाही. सुतारकाम चार दिवसांत उरकतं. बाकीचे पंधरा-वीस दिवस पाणी लाकडात शिरू नये म्हणूनच खर्ची पडतात, आणि घाई करणाऱ्यांची होडी दुसऱ्या पावसाळ्यात कुजते ती ह्याच दिवसांत चुकवलेल्या कामामुळे.

सामान

प्लाय आयएस ७१० चाच घ्या, म्हणजे मरीन प्लाय. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर प्लाय पुढे करतो. ते ओट्याखालच्या कपाटासाठी ठीक. शिक्क्यावर आयएसआय चिन्ह, ७१० हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, आणि खोटे शिक्के मुबलक असल्यामुळे तपासावाच. शिवाय शीटची कड बघा. मधल्या थरांत फटी दिसल्या की ती शीट परत. आत पोकळी असलेलं प्लाय वाकवताना नेमकं तिथेच मोडतं. दुकानातून एखादा तुकडा आणून तो चार-पाच तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर शिक्का काहीही सांगो, ते प्लाय घेऊ नका.

८ × ४ फुटी ६ मिमीच्या दोन शीट (एक बाजूंसाठी, दुसरी हवाबंद कप्पे आणि जोडपट्ट्यांसाठी) आणि ९ मिमीच्या दोन (बूड आणि मागची फळी) लागतील. लाकूड सागाचं, वाळलेलं, गाठी नसलेलं: काठासाठी १० × ४० मिमीच्या साडेबारा फुटी चार पट्ट्या, मधल्या चौकटीसाठी २० × ७० मिमीचे तुकडे, मधल्या बैठकीसाठी २५ सेंमी रुंद आणि २० मिमी जाड फळी, बुडाखाली २० × ३५ मिमीच्या आठ फुटी तीन पट्ट्या.

इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिळून ८ किलो. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं विणलेलं काचकापड एक मीटर रुंदीचं ४ मीटर, आणि ७५ मिमी रुंद काचेची फीत २० मीटर. १.२ मिमी जाडीची तांब्याची तार १० मीटर. लगद्यासाठी चाळलेला बारीक लाकडी भुसा आणि थोडी फ्यूम्ड सिलिका (लगदा दाट करणारी बारीक पूड).

फायबरच्या दुकानात पॉलिस्टर रेझिन आणि तुटक्या धाग्यांची मॅट स्वस्त मिळते. दोन्ही टाळा. पॉलिस्टर लाकडाला नीट धरत नाही. वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटतं आणि त्याच्या आड पाणी साचतं. त्या मॅटमधले धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ बहुधा पॉलिस्टरमध्ये विरघळेल असा असतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट कोपऱ्यात बसतच नाही. इपॉक्सी महाग आहे खरं, पण बचत करायचीच तर रंगात करा.

कापणी

६ मिमीच्या शीटमधून ४० सेंमी रुंदीच्या आठ फुटी तीन पट्ट्या काढा. तिसरी मध्यावर तोडा. एक आख्खी आणि एक अर्धी मिळून बारा फुटांची (३६६ सेंमी) एक बाजू होते. जोडावर आतून १५ सेंमी रुंद प्लायची जोडपट्टी इपॉक्सीने चिकटवा. ती वरून ५ आणि खालून ३ सेंमी आखूड ठेवा, म्हणजे काठपट्टी आणि कोपऱ्याचा लगदा तिला अडणार नाही. आठ फुटी तुकडा नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे. सगळ्यात जास्त वाक तिथे येतो, आणि जोडपट्टी वाकत नसल्यामुळे जोड त्या भागात आला तर होडीला कोपर निघतं. बाजू दोन आहेत, एक डावी, एक उजवी. जोडपट्ट्या चिकटवण्याआधी तुकडे आरशासारखे समोरासमोर ठेवून खात्री करा. ही चूक वाटते त्यापेक्षा फार जणांकडून होते.

नाळेच्या टोकाला खालची कड २२ सेंमी मागे घेऊन तिरका छाट द्या. मागच्या टोकाला खालची कड ६ सेंमी पुढे. बाकी खालची आणि वरची कड सरळ. दोन्ही बाजू एकावर एक बांधून एकदमच रंधा मारा. त्यांच्यात ३ मिमीचा फरक राहिला तरी पाण्यावर होडी एका बाजूला वळत राहते.

सरळ कडेच्या फळीतून होडीचा आकार कसा येतो, हे इथे समजून घ्यावं. बाजू उभ्या बसवल्या तर बूड पूर्ण सपाट राहतं. त्या १५ अंश बाहेर झुकवून वाकवल्या की फळीची टोकं आपोआप वर उचलली जातात: नाळेपाशी १० ते १२ सेंमी, मागे दोन-तीन. बुडाची ही उचल कुठेही मोजून कापावी लागत नाही. ती झुकावातून येते. म्हणून मधल्या चौकटीचा कोन चुकला की अख्खी होडी चुकते.

मधली चौकट: खाली ९० सेंमी, वर १११, उंची ३८.६. मागची फळी: ९ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून १८ मिमी, खाली ७२, वर ९१, उंची ३९ सेंमी. १५ इंची शाफ्टचं छोटं आउटबोर्ड (मागच्या फळीवर अडकवायचं इंजिन) ह्या उंचीला बसतं. दोन अश्वशक्तीच्या वरचं लावू नका. त्याच्या वजनानेच मागचं बूड खाली बसतं.

शिवण

खालच्या कडेपासून १० मिमी आत, दर १५ सेंमीवर २ मिमीची भोकं पाडा. नाळेपाशी दर १० सेंमीवर. आधी दोन्ही बाजू नाळेला शिवा, टाके सैल ठेवा. मग फळ्या पसरून खालच्या कडेवर नाळेपासून १८५ सेंमीवर चौकट घाला, दोरीने मागची टोकं जवळ ओढा आणि मागची फळी शिवा. प्लाय कुरकुरलं तर बाहेरून ओलं फडकं लावून अर्धा तास थांबा, जोर करू नका. चिकटवण्याआधी मात्र ते पुरतं वाळू द्या.

आता मापं. नाळेच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत दोरी लावा; अंतरात ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग चौकटीवर आणि मागच्या फळीवर आडव्या सरळ काठ्या ठेवून मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही काठ्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे. आत्ता सांगाड्याच्या एका कोपऱ्याखाली पाचर ठोकून तो निघतो. लगदा भरल्यावर कधीच निघत नाही.

सांगाडा उलटा करा. ९ मिमीची एक आख्खी आणि एक अर्धी शीट २० सेंमी रुंद जोडपट्टीने जोडा, अर्धी नाळेकडे, म्हणजे बुडाचा आणि बाजूंचा जोड एका रेषेत येत नाही. ती वर ठेवून बाहेरून पेन्सिल फिरवा, ५ मिमी जास्त ठेवून कापा आणि शिवा. तार आतून न पिळता बाहेरून पिळा. आत लगदा भरताना टोकं आडवी येत नाहीत.

इपॉक्सी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मे महिन्यात भांड्यातलं इपॉक्सी काही मिनिटांत तापून धुरावतं. दर दहा अंशांनी ते साधारण दुप्पट वेगाने घट्ट होतं. ‘स्लो’ हार्डनर घ्या, एका वेळी १५० ग्रॅमच कालवा आणि उभ्या डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, आणि ते वजनाचं आहे की मापाचं हे नीट वाचा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर उलट ते कायम चिकट राहतं. पावसाळी दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मग पॉलिशपेपर. आधी पॉलिशपेपर लावला तर मेण खरवड्यांत शिरतं आणि पुढचा थर सुटतो. हातमोजे सोडू नका. अंगाला हार्डनरची ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर राहते.

होडी सुलटी करून टाक्यांच्या मधल्या जागी लगद्याचे ठिपके द्या. एक रात्र सुकू द्या, मग तारा तापवून ओढून काढा. त्यानंतर सगळे कोपरे भरा: आधी साधं इपॉक्सी ब्रशने पाजा, मग पीनट बटरइतका घट्ट लगदा, २५ मिमी त्रिज्येच्या गोल चमच्याने एकाच ओढीत. लगदा ओला असतानाच त्यावर फीत. कोरडं लाकूड इपॉक्सी शोषून घेतं, म्हणून पाजणं टाळलं तर लगदा भुसभुशीत राहतो.

बाहेरून बुडाची कड ६ मिमी गोल करा. धारदार कडेवर काचकापड बसत नाही, उचललं जातं. बुडावर अख्खं काचकापड, बाजूंवर ५ सेंमी चढवून. खाडीत लाकूड पोखरणारे किडे असतात आणि कातळ असतो. दोन्हींपासून हेच कापड वाचवतं. आत-बाहेर सगळीकडे इपॉक्सीचे तीन पातळ थर.

कापलेल्या कडा हा ह्या होडीचा खरा शत्रू. प्लायची कड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळीच. वरची कड, भोकं, वल्ह्यांच्या खुंट्यांचे स्क्रू, प्रत्येक ठिकाणी इपॉक्सी तीनदा, मध्ये सुकू न देता. स्क्रूचं भोक एक माप मोठं पाडून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात बारीक भोक पाडून स्क्रू घाला. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ जातीचे. लोखंडी स्क्रू खाडीच्या पाण्यात एका मोसमात लाल ओघळ सोडतात.

काठ, कप्पे, बैठक

काठाला २० मिमीची पट्टी एकदम वाकत नाही, मोडते. म्हणून १० मिमीच्या दोन, एकावर एक, इपॉक्सीने. क्लॅम्प दर १५ सेंमीला लागतात. नसतील तर जुनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळा. दोन्ही काठ एकाच दिवशी बसवा. एकच बाजू बसवून ठेवली तर होडी त्या बाजूला ओढली जाते.

पुढे नाळेपाशी आणि मागच्या बैठकीखाली ६ मिमी प्लायचे हवाबंद कप्पे करा. मागचा ३५ सेंमी रुंद केला तर सुमारे ७० लिटर हवा धरतो, पुढचा ४० च्या आसपास. होडी भरली तरी ती बुडणार नाही. कप्प्यांना पेचाची झाकणं हवीतच आणि किनाऱ्यावर ती उघडी ठेवायची. कायमचा बंद कप्पा आतून घामेजतो आणि बाहेरून कळायच्या आत कुजतो. थर्माकोल भरू नका. पेट्रोल सांडलं की विरघळतो.

मधली बैठक बुडापासून २० सेंमी उंच, चौकटीवर टेकवून. वल्ह्यांच्या खुंट्या बैठकीच्या मागच्या कडेपासून ३० सेंमी मागे. वल्ही २.१ ते २.२ मीटर. बुडाखाली तीन लांब पट्ट्या ओढताना घासण्यासाठी, आणि मधल्या पट्टीच्या मागच्या टोकाला १५ सेंमी उंच, ६५ सेंमी लांब उभी फळी. ती नसेल तर सपाट बुडाची होडी वल्हं थांबलं की गोल फिरते.

रंग आणि पाणी

इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुगा होतं, म्हणून रंग हवाच. दोन भागांचा पॉलियुरेथेन टिकतो. साधा ऑइलपेंट ताज्या इपॉक्सीवर काही वेळा आठवडाभर सुकत नाही. आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा. आत फिका रंग द्या, गडद आतल्या फळीवर मे महिन्यात पाय टेकवत नाही.

समुद्रातल्या मासेमारीला महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे. नोंदणी आणि परवान्याबद्दल मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारा. धरणांतल्या मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतात, त्यांना न विचारता होडी टाकू नये.

पहिल्या दिवशी कमरेइतक्याच पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून बघा. ही होडी दर २४ किलोला साधारण एक सेंटिमीटर बसते (टोकांशी बूड उचललेलं असल्यामुळे पहिले काही सेंटिमीटर त्याहून कमी भारात जातात); तिचं वजन धरून २४० किलोला मध्यावर १२ सेंमी पाण्यात आणि २६ सेंमी काठ वर राहतो. काठ २० सेंमीच्या खाली गेला की भार उतरवा. तासाभराने वर ओढून कप्प्यांत हात घालून बघा. ओल लागली तर बाहेरून शोधू नका. आतून साबणाचं पाणी लावा, झाकण बंद करून कप्प्यात सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि बुडबुडे कुठे येतात ते पेन्सिलने खुणवा.