शोधाची खिडकी नाव भरूनच उघडावी म्हणून

आमच्या पतसंस्थेत भरणा घेताना काउंटरवरच्या ताई दिवसभर तेच करायच्या: पावतीच्या शीटवरचं नाव कॉपी करायचं, सभासदांच्या शीटवर जायचं, कंट्रोल-एफने शोधाची खिडकी उघडायची, पेस्ट. शेवटी मी एक्सेलमध्ये चार ओळींचा मॅक्रो, म्हणजे ही कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. आता नावावर डबल-क्लिक केलं की शोधाची खिडकी नाव घेऊनच उघडते.

पावतीच्या शीटच्या टॅबवर राइट-क्लिक करून व्ह्यू कोड उघडा. वरच्या डाव्या यादीत वर्कशीट, उजव्या यादीत बिफोर-डबल-क्लिक निवडा. पहिल्या ओळीत कॅन्सल ट्रू करा, नाहीतर सेल एडिट मोडमध्ये जातो. दुसरीत टार्गेट डॉट व्हॅल्यू (डबल-क्लिक केलेल्या सेलमधलं नाव) एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ते तात्पुरतं ठेवायच्या जागेत, घ्या. तिसरीत सभासदांचं शीट ॲक्टिव्हेट करून फक्त ए-१ सिलेक्ट करा; तिथे आधीच पाच-पन्नास सेल सिलेक्ट असले तर एक्सेल तेवढ्यातच शोधतं. चौथी ओळ खरी कामाची: ॲप्लिकेशन डॉट डायलॉग्ज, कंसात ६४, मग डॉट शो, आणि पुढे स्वल्पविराम देत व्हेरिएबल, २, २. ६४ हा शोधाच्या खिडकीचा नंबर. पहिला २ म्हणजे फॉर्म्युल्यात नको, व्हॅल्यूत शोध. दुसरा म्हणजे नावाचा तुकडा जुळला तरी चालेल.

नाव मात्र कोडमध्ये टाइप करू नका, सेलमधूनच घ्या. व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रोच्या भाषेच्या, एडिटरला देवनागरी पेलत नाही. चाचणीसाठी मी तिथे ‘कुऱ्हाडे’ लिहिलं, तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. एक्सेलच्या शोधात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर! त्यामुळे शोध थेट मथळ्याच्या ओळीवर जाऊन थांबला.

याच आडनावाच्या एका आजींना ‘नाव सापडत नाही’ म्हणत आम्ही अर्धा तास बसवून ठेवलं होतं, त्याची रुखरुख मला अजून आहे. नाव यादीत होतं. पण ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच, एक्सेलला वेगळे. म्हणून खिडकी उघडण्याआधी व्हेरिएबलवर रिप्लेस चालवा: सीएचआर-डब्ल्यू (नंबरावरून अक्षर देणारं फंक्शन) २३५२, २३८१, ८२०५, म्हणजे र, हलन्त, जॉइनर, हे तिन्ही सलग आले की त्या जागी २३५३ आणि २३८१, म्हणजे ऱ आणि हलन्त. सभासदांच्या शीटवरच्या नावांच्या कॉलमवरही हेच एकदा चालवून घ्या. त्याआधी फाइलची कॉपी काढून ठेवा, कारण मॅक्रोने केलेला बदल अनडू होत नाही.