चिकोडीचा पिनकोड कागद-पेननं कसा फोडायचा

मोठी संख्या दिसली की आपला हात आधी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरकडे जातो, पण सहा आकडी संख्येचे मूळ अवयव, म्हणजे ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत असे भाजक, एका पाठकोऱ्या कागदावर निघतात, बघा की करून. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचा पिनकोड घेऊया, ५९१२०१.

आधी आकड्यांची बेरीज करा, १८ येते, १८ ला ९ नं भाग जातो म्हणजे अख्ख्या संख्येलाही जातो. भागून उरले ६५६८९. शेवटी १ आहे त्यामुळं २ आणि ५ चा प्रश्नच नाही.

आता ७, ११, १३ वेगवेगळे करत बसू नका, तिघांचा गुणाकार १००१ होतो, त्याचा फायदा घ्यायचा. मूळ पिनकोडचे तीन-तीन आकड्यांचे दोन तुकडे पाडा, ५९१ आणि २०१, मोठ्यातून लहान वजा केला की ३९०. ह्या तिघांपैकी ज्यानं ह्या फरकाला भाग जातो, त्यानंच अख्ख्या पिनकोडलाही जातो. ह्याला ७ नं भागलं तर बाकी ५, ११ नं पण ५, १३ नं मात्र बरोब्बर ३० वेळा जातो. मग ६५६८९ भागिले १३ म्हणजे ५०५३.

ह्याच १३ चा चूक पकडायला एक वेगळाच उपयोग आहे. मराठीत एक्क्याण्णव म्हणताना एक आधी येतो नि नव्वद नंतर, कन्नडात तोंबत्तोंदु, म्हणजे नव्वद आधी. आमच्याकडं दोन्ही भाषा कानावर पडतात, एकदा घाईत पार्सलवर पाचशे एक्क्याण्णवच्या जागी मी ५१९ लिहून बसलो. बेरीज तपासली तर परत १८ च, कारण शेजारचे आकडे उलटे झाले तर फरक नेहमी ९ च्या पटीत पडतो, नऊची कसोटी आंधळी. पण ५१९ वजा २०१ म्हणजे ३१८, १३ नं बाकी ६. चूक सापडली! शेजारच्या दोन आकड्यांची अशी कुठलीही अदलाबदल १३ ला चकवू शकत नाही, ७ ला कधीकधी चकवते.

असो, ५०५३ राहिलाय. ७१ चा वर्ग ५०४१, ७२ चा ५१८४, म्हणजे ७१ च्या पुढं जायची गरज नाही, कारण दोन अवयवांपैकी लहान तरी त्याच्या आतच सापडतो. ३ नाही, १३ परत नाही, १७ नं बाकी ४, १९ नं १८, २३ नं १६, २९ नं ७, आणि ३१ नं भाग गेला, उत्तर १६३. तो मूळच आहे, १३ चा वर्गच १६९ होतो आणि त्याखालचे सगळे बघून झालेत.

तर ५९१२०१ म्हणजे ३×३×१३×३१×१६३. विभाजक किती, तर प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आलाय त्यात (म्हणजे घातांकात) एक मिळवून गुणायचं, ३×२×२×२, चोवीस.

जमलं तर निपाणीचा ५९१२३७ घ्या, ९ नं पटकन जातो आणि मग १७९ येईपर्यंत नुसता घाम काढतो.