पिल्लाला हाड देताना

मटण झालं की ताटातली उरलेली हाडं कुत्र्यापुढे टाकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आमचा कुत्रा बंड्या पाच महिन्यांचा असताना एका पाहुण्यांनी असंच रश्श्यातलं हाड त्याला टाकलं. थोड्या वेळात तो पुढच्या पायांनी तोंड ओरबाडायला लागला, लाळेची धार लागली. जबडा उघडून पाहिलं, तर हाडाची चपटी कपची टाळूला लागून दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये आडवी बसलेली. डॉक्टरांनी चिमट्याने काढली.

तेव्हापासून आमच्या घरात शिजवलेलं हाड बंद. शिजलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि घशात, आतड्यात रुततात. कोंबडीच्या तंगडीचं हाड तर मुळीच नको. शिवाय रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.

बरेच डॉक्टर हाड देऊच नका म्हणतात, आणि पिल्लू न चावता गिळणारं असेल तर मीही तेच सांगेन. द्यायचंच असेल तर पक्के दात येईपर्यंत, म्हणजे पिल्लू सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत थांबा. हाड कच्चं आणि ताजं हवं. खाटकाला सांगा, तुकडे नकोत. बोकडाच्या गुडघ्याची अख्खी गाठ द्या, कुरकुरीत भाग आणि थोडं मांस असलेली. ती पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. नळीचे गोल काप खालच्या जबड्यात कड्यासारखे अडकतात. रेड्याची जाड नळीही नको, तिच्यावर दाढ तडकते.

जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना द्या. मी फरशीवर जुनी गोणी अंथरते आणि शेजारीच बसते. दहा-पंधरा मिनिटं, बास. हिसकावून घेऊ नका, त्याने पिल्लू घाईघाईने गिळतं किंवा गुरगुरायला शिकतं. मी उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे करते. बंड्या हाड सोडतो, मग मी ते उचलते. हाड झिजून लहान झालं की टाकून द्यायचं. कच्च्या मांसातून जंतू पसरतात, म्हणून हात आणि फरशी साबणाने धुवायची. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर कच्चं हाड आणूच नका.

दुसऱ्या दिवशी शी बघा. पांढरी, खडूसारखी कोरडी असेल तर हाड जास्त झालं. कुंथूनही होत नसेल, रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा जेवण सोडलं तर घरी उलटी करवायच्या भानगडीत पडू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.