भिंतीची ओल नेमकी कुठून येते? आधी फॉईल लावून बघा

आमच्या जळगावकडे जुन्या घरांना पावसाळ्यात खालून दोन-तीन फूट ओल चढते, पोपडे सुटतात, आणि पेंटरला बोलावलं की तो थेट वॉटरप्रूफ रंगाचा डबाच सांगतो. थांबा जरा, आधी हे करा.

१. पोपडे खरवडून तेवढी जागा फडक्याने कोरडी पुसा.
२. पोळ्या गुंडाळायचा फॉईल फूटभर कापून चारी बाजूंनी टेप मारून चिकटवा, कुठेच फट नको (टेप ओल्या भिंतीला धरत नाही, म्हणून पुसणं महत्त्वाचं).
३. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतूनच येतेय, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा, रंगावर पैसे घालू नका.

भिंतीतूनच असेल तर आधी बाहेर जाऊन बघा, आमच्याकडे पन्हाळीचं पाणी पायाशीच पडत होतं आणि वरून तुळशीच्या कुंड्या भिंतीला टेकवलेल्या!

पांढरा लोणा आला असेल तर पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत मुरतात, कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाका. आणि ओल्या भिंतीवर ऑइलपेंट किंवा टाइल्स अजिबात नको, ओल तिथे कोंडते आणि आणखी वर चढते.