स्वस्त टेलिफोटो लेन्स कशी निवडावी: गोव्याच्या रानासाठी, गोव्याच्या दमट हवेत

गोव्यात नुकतेच पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेल्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो: "सरळ १५०-६०० घे आणि मोकळा हो." म्हणजे १५० ते ६०० मिमीची झूम लेन्स; मिमी जितके जास्त तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. गळ्यात ६०० मिमी अडकवून बोंडल्याच्या रानातून धनेशाचा काळपट ठिपका घेऊन परतणारे मी बरेच पाहिलेत. करमळीच्या तळ्यावर साध्या ३०० मिमीवर अडई बदकांचे सुरेख फोटो काढणारेही पाहिलेत. आधी आपण जातो कुठे ते बघा, मिलिमीटर नंतर. आणि स्वस्तात हवी तर बहुतेक वेळा जुनी, म्हणजे वापरलेली लेन्सच घ्यावी लागते, तेव्हा ती तपासायला शिका. या लेखाचा मोठा भाग त्या तपासणीवरच आहे, कारण पैसे बुडतात ते तिथे.

१. जागा ठरवा

तळी, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), मिठागरे, चोडणचा सलीम अली पक्षी अभयारण्याचा किनारा: इथे उजेड भरपूर आणि पक्षी लांब. एफ/६.३ची लेन्स इथे कुठेही कमी पडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त उजेड आत घेते). सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉनची १५०-६०० जी२ आणि निकॉनची २००-५०० एफ/५.६ यांपैकी जी चांगल्या स्थितीत मिळेल ती घ्या. तिघींत डावे-उजवे करण्यात महिने घालवणारे लोक त्या महिन्यांत एकही फोटो काढत नाहीत.

कुठ्ठाळीहून जुवारीत होडीने जाणार असाल तर गणित बदलते. इंजिनच्या थरथरीत ट्रायपॉड कुचकामी, आणि दोन किलोची लेन्स तासभर हातात धरली की मनगट बोलू लागते. निकॉनची २००-५०० तर कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कडीसकट) २.३ किलो आहे. होडीसाठी सिग्मा किंवा टॅमरॉनची १००-४०० बघा. दोन्ही सव्वा किलोच्या आत आहेत. कांदळवनातला खंड्या होडीला बऱ्यापैकी जवळ येऊ देतो, ४०० पुरते.

रानाची आणि कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) गोष्ट वेगळी. मोले, म्हादई, खोतीगाव इथे पक्षी फार लांब नसतो, उजेड नसतो. दाट झाडीखाली सकाळी आठला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२००वर एफ/६.३ला शटर १/६० सेकंदाच्या आसपास अडकते. ट्रोगन पक्षी गप्प बसून राहतो, म्हणून स्टॅबिलायझेशनच्या (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीच्या) जोरावर तो मिळतो. माशीमार मिळत नाही, कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करते, पक्ष्याला नाही. एफ/५.६ आणि एफ/६.३ मधला फरक स्टॉपच्या (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीच्या) तिसऱ्या हिश्शाचा, त्यावरून भांडू नका. एफ/४ मात्र एफ/६.३च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. म्हणून रानात जास्त फिरणाऱ्याला मी जुनी ३०० मिमी एफ/४ सुचवतो, कॅननची किंवा निकॉनची. निकॉनच्या जुन्या ३०० एफ/४डी मध्ये व्हीआर (निकॉनचे स्टॅबिलायझेशन) नाही, तरीही सुचवतो. फ्रेममध्ये लहान पण स्वच्छ आलेला पक्षी कापून मोठा करता येतो. हललेला मोठा पक्षी कशानेच सुधारत नाही.

कॅननची आरएफ (नव्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) ६०० एफ/११ एक किलोहूनही हलकी आणि स्वस्त आहे. मिठागरावर खुशाल वापरा. रानात ती एफ/५.६च्या लेन्सच्या चौथा हिस्साच उजेड घेते, एवढे लक्षात ठेवून.

२. आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीला चालते का ते बघा

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फिरवावी लागते. उलट नवी एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० वर चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स (आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या) अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर उत्तम चालतात.

३. या तीन वस्तूंपासून दूर राहा

ऑनलाइन चार-पाच आकडी किमतीत दिसणारी ४२०-८०० मिमी, एफ/८.३ ते १६: ऑटोफोकस नाही, उडता पक्षी विसरा. ५०० मिमी एफ/८ची आरसा-लेन्स: पार्श्वभूमीत गोल कडी उमटतात आणि फोकस हातानेच. तिसरा २ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसवून पल्ला दुप्पट करणारा), जो एफ/६.३ला एफ/१३ करून ठेवतो.

४. जुनी लेन्स तपासा

हा टप्पा जमायला मलाही वेळ लागला, कारण लेन्स वाईट आहे की आपली चाचणी वाईट आहे हेच सुरुवातीला कळत नाही.

विकणारा साधारणपणे दुपारी बारा-एकला भेटायला बोलावतो, पणजीतल्या एखाद्या पार्किंगमध्ये. जाऊ नका. तापलेल्या डांबरावरून आणि गाड्यांच्या टपांवरून हवा लहरत असते, आणि ५००-६०० मिमीवर तिच्यामुळे चांगली लेन्सही मऊ, म्हणजे अस्पष्ट दिसते. चांगली लेन्स नाकारली जाते, किंवा "ऊन आहे म्हणून असं दिसतंय" असे सांगून वाईट गळ्यात मारली जाते. सकाळी आठ-साडेआठला सावलीत भेटा, आणि पंधरा-वीस मीटरवरचे काहीतरी बारीक तपशिलाचे निवडा: आंब्याचे खोड, भिंतीवर लावलेला वर्तमानपत्राचा कागद. आपली बॉडी, आपले कार्ड आणि शक्यतो ट्रायपॉड न्या. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा.

झूम पूर्ण ताणून, अपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे, म्हणजे एफचा सर्वांत लहान आकडा ठेवून, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस आधी बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून) दहा. लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरच्या सगळ्यांत फोकस पुढे किंवा सगळ्यांत मागे गेलेला असेल तर लेन्स वाईट नाही. बॉडीत एएफ फाइन-ट्यून (फोकस किंचित पुढे-मागे जुळवायची सोय) असेल तर ते सुधारते, सिग्माच्या यूएसबी डॉकने किंवा टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलनेही (लेन्स संगणकाला जोडून जुळवायच्या उपकरणांनी) सुधारते. व्ह्यूफाइंडरचे कधी पुढे, कधी मागे जात असतील तर सोडून द्या, ते अशा जुळवणीने सुधारत नाही. लाइव्ह व्ह्यूचेही मऊ असतील तर एफ/८ला काढून बघा. १५०-६०० जातीच्या लेन्स शेवटच्या टोकाला एफ/८वर थोड्या सुधारतात, ते स्वाभाविक आहे. एफ/८लाही मऊ, किंवा सपाट भिंतीचा डावा भाग स्वच्छ आणि उजवा पुसट, म्हणजे आतली काच जागेवर नाही. लेन्स बहुधा कुठेतरी आपटलेली असते. विकणारा कितीही सज्जन असो, परत द्या.

आता बुरशी. गोव्यात लेन्स मरते ती बहुतेक हिच्यामुळे. पावसाळ्यात इथली हवा आठवडेच्या आठवडे ओलीचिंब असते, आणि कपाटात बॅगेत गुंडाळून ठेवलेली लेन्स चवथीपर्यंत आतून विणली जाते. तपासायला अंधारी खोली किंवा गाडीच्या डिकीची सावली पुरते. दोन्ही झाकणे काढा, फोनचा टॉर्च मागच्या काचेवर तिरका धरा आणि पुढून बघा; मग उलट. झूम आधी आखडून, मग ताणून दोन्ही वेळा बघा, कारण काचांचे गट सरकतात आणि एका टोकाला लपलेले दुसऱ्या टोकाला दिसते. निकॉनची जी प्रकारची (नावात G असलेली) लेन्स असेल तर कॅमेऱ्यावरून काढल्यावर अपर्चरची पाती मिटलेली असतात. मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ती उघडा, नाहीतर अर्धी लेन्स तुम्ही पाहिलेलीच नसते.

काय दिसते त्याचा अर्थ लावायला शिका. सुटे ठिपके म्हणजे धूळ. थोडे असतील तर फोटोत येत नाहीत. सगळ्या काचेवर एकसारखा दुधी पडदा असेल तर आतले वंगण उडून बसलेले असते, उजेडासमोरचा फोटो फिका येतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक धागे, बहुधा कडेकडून आत सरकणारे, म्हणजे बुरशी. "एवढीशी आहे, फोटोत दिसत नाही," असे सांगतील. खरे आहे, आज दिसत नाही. पण ती काचेवरचा लेप खाते, साफ केल्यावरही डाग राहतो, आणि झूम लेन्स उघडून पुन्हा तंतोतंत बसवणे प्रत्येक दुरुस्तीवाल्याला जमत नाही. निम्म्या किमतीत देत असतील तरी घेऊ नका.

माउंटचे (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) स्क्रू बघा. ते गंजलेले असतील तर लेन्स खाऱ्या वाऱ्यात राहिलेली आहे, आतही तीच कथा असण्याची शक्यता धरा. माझे मत: किनाऱ्यावरच्या लेन्सपेक्षा घाटावरची, बेळगाव-हुबळी-पुण्याकडची, आधी बघावी. पण प्रवासात आपटण्याचा धोका असतो, म्हणून कुरिअरने न मागवता जाऊन आणावी.

बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळवा. जुळत नसेल तर चहासुद्धा घेऊ नका.

५. घरी आणल्यावर

पुढे स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नका. या १५०-६०० लेन्सना ९५ मिमीचा लागतो आणि स्वस्तातला हमखास स्पष्टता घालवतो. संरक्षणाला हूड (लेन्सच्या पुढे बसणारी नळी) पुरे.

तांदळात ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तांदळाची भुकटी झूमच्या कडीत शिरते, एवढाच त्याचा परिणाम. ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारे कपाट) घ्या आणि ते ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. सिलिकाचे रंगीत दाणे घ्या म्हणजे तापवून पुन्हा कोरडे कधी करायचे ते कळेल. पावसाळ्यात ते फार लवकर भरतात. आणि लेन्स दर आठवड्याला बाहेर काढून वापरा, अंगणातल्या सातभाईवर का होईना.

एसी गाडीतून मोल्याला उतरल्या उतरल्या झाकण काढू नका. थंड काचेवर लगेच वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटे लेन्स बंद बॅगेतच राहू द्या, तोवर चहा घ्या.