मेट्रोच्या कामावर रुजू होताना

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेऊन मेट्रोच्या कामावर येणारी मुले-मुली पहिल्याच भेटीत मला बोगद्याबद्दल विचारतात. टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारे महाकाय यंत्र, कधी पाहायला मिळेल, खाली उतरायला परवानगी कोण देते, असे त्यांचे प्रश्न असतात. ही उत्सुकता मलाही होती. प्रत्यक्षात माझे पहिले चार महिने रस्त्याच्या मधोमध, बॅरिकेडच्या आत, रात्रीच्या वेळी हाताने खड्डे खणून घेण्यात गेले. पुढे उन्नत मार्ग (खांबांवरून जाणारा), कास्टिंग यार्ड (पुलाचे काँक्रिटचे तुकडे ओतण्याची जागा) आणि भुयारी टप्पा अशी तिन्ही कामे केली. पण कागदावर दाखवलेले जमिनीत तसेच असेल असे धरून चालू नये, स्वतः पाहावे आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे, हे मी त्या खड्ड्यांपाशी शिकले आणि ते सगळीकडे उपयोगी पडले.

साइटवर जाण्याआधी आपल्या शहराचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे सगळे ज्याला डीपीआर म्हणतात तो, वाचून काढावा. बहुतेक मेट्रो कंपन्या तो आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा व्हावा लागतो, मग त्या मार्गावर बस, लाइट रेल आणि मेट्रो यांपैकी काय परवडेल याचे पर्याय तपासावे लागतात, आणि समाजाला होणारा लाभ हिशेबात धरून काढलेला परताव्याचा दर किमान १४ टक्के असेल तरच प्रस्ताव पुढे सरकतो. अहवालात सर्वांत आधी प्रवासीसंख्येच्या अंदाजाचे प्रकरण वाचावे असे मी आवर्जून सांगते. गर्दीच्या तासात एका दिशेने किती माणसे जाणार, या एका आकड्यावरून गाडीला डबे किती, फलाट किती लांब, दोन गाड्यांत किती मिनिटांचे अंतर आणि सरकते जिने किती हे सगळे ठरत जाते. स्थानकाचे एखादे प्रवेशद्वार अडचणीच्या कोपऱ्यात का आहे, असा प्रश्न साइटवर उभे राहून पडतो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा या प्रकरणात किंवा भूसंपादनाच्या प्रकरणात सापडते.

पैसा कोठून येतो हेही ठाऊक असावे. महामेट्रोसारखी कंपनी केंद्र आणि राज्य सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची असते. दोघांचा वाटा घातल्यावर उरलेली मोठी रक्कम कर्जाने उभी राहते. दिल्लीला जपानची संस्था, पुण्याला युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था अशी ही कर्जे आहेत. कनिष्ठ अभियंत्याचा याच्याशी काय संबंध, असे वाटेल. परंतु कर्ज देणाऱ्या संस्थांची माणसे पाहणीला येतात तेव्हा मजुरांच्या वसाहतीतले पाणी, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे आणि विस्थापितांना दिलेली भरपाई यांचे कागद मागतात, आणि ते कागद तुम्हालाच काढून द्यावे लागतात.

आपल्या देशातली ही परंपरा फार जुनी नाही. कोलकात्याच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये झाली आणि एस्प्लेनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा पहिला तुकडा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला. मोठा भाग रस्ता उघडा खणून, आत पेटीसारखे काँक्रिट करून, पुन्हा झाकण्याच्या पद्धतीने झाला, त्यामुळे शहराने वर्षानुवर्षे खणलेले रस्ते सोसले. १९७८ चा मेट्रो बांधकामाचा कायदा आला तो याच कामासाठी. दिल्ली मेट्रोची कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली शाहदरा ते तीस हजारी हा मार्ग २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. नीट उभे केलेले बॅरिकेड, आधी तयार ठेवलेला पर्यायी रस्ता, साइटबाहेर पडणाऱ्या डंपरची धुतलेली चाके या गोष्टी आज निविदेतच लिहिलेल्या असतात. त्यांचा आग्रह देशभर पसरला तो दिल्लीच्या कामातून.

आता खड्ड्यांकडे येते. उन्नत मार्गाच्या प्रत्येक खांबाखाली पाइल्सचा, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रिटच्या खांबांचा, गट असतो. पाइलसाठी भोक पाडणारे यंत्र, म्हणजे रिग, उभी करण्यापूर्वी त्या जागी काय पुरलेले आहे हे कळावे लागते, कारण आपल्या रस्त्यांखाली जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या केबल यांची कित्येक दशकांची भर पडलेली असते आणि नकाशे अर्धवट असतात. रडारने केलेले सर्वेक्षण दिशा दाखवते. खात्री मात्र चाचणीच्या खड्ड्यानेच होते, आणि तो यंत्राने खणायचा नसतो. वाहतूक पोलिसांची परवानगी रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच असायची. एका रात्री नकाशाप्रमाणे सहाशे मिलिमीटरची जलवाहिनी आमच्या पाइलपासून दोन मीटर लांब होती आणि मी निर्धास्त होते. एक मीटरभर खणल्यावर मुकादमांनी हात वर करून काम थांबवले. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली, तळहातावर पाण्याचा ओघळ दिसला. "मॅडम, महिनाभर पाऊस नाही, मग ही माती ओली कशी?" एवढेच ते म्हणाले. पहार बाजूला ठेवून खुरप्याने माती काढायला लावली, तेव्हा पाइलच्या बरोबर मध्यावर ओतीव लोखंडाचा जुना नळ निघाला. त्याचा शिशाचा सांधा पाझरत होता आणि त्यात पाणी चालू होते. त्या खांबाचा पायाच बदलावा लागला. पाइल्सना वरून एकत्र बांधणाऱ्या काँक्रिटच्या ठोकळ्याचा, म्हणजे पाइल कॅपचा, आकार वाढवून पाइल्स दोन्ही बाजूंना सरकवल्या आणि नव्या आराखड्याची मंजुरी येईपर्यंत रिग दुसऱ्या खांबावर नेली.

त्यानंतर सहा आठवड्यांनी एक चूक माझ्या हातून झाली आणि ती लपवावी असे मला वाटत नाही. खड्डा दोन मीटर खोल झाल्याचे पर्यवेक्षकाने सांगितले. मी काठावरून टॉर्च मारला, तळ मोकळा दिसला, तपासणीच्या अर्जावर सही केली. टेप खाली सोडून खोली मोजली नाही. खड्डा प्रत्यक्षात सव्वा मीटरचाच होता. दुसऱ्या दिवशी रिगने दीड मीटरवरची दूरसंचार केबल तोडली आणि त्या भागातील दोन बँकांचे आणि एका दवाखान्याचे काम दिवसभर बंद पडले. त्या दवाखान्यात जाऊन मी स्वतः माफी मागितली. तेव्हापासून शिडीने तळापर्यंत उतरल्याशिवाय आणि तळाशी टेप धरलेला फोटो काढल्याशिवाय मी सही केलेली नाही. तुमच्यावर वेळेचा कितीही दबाव आला तरी सही ही तुमची असते, कंपनीची नसते.

कास्टिंग यार्डची नेमणूक मिळाली तर नाराज होऊ नये. शहराबाहेरचे ते मैदान, गॅन्ट्री क्रेनची घरघर आणि वाफेवर ठेवलेले काँक्रिटचे तुकडे (सेगमेंट) यांत दिसायला काही नाही. पण अचूकतेचे शिक्षण तेथेच मिळते. खांबांवरचा पेटीच्या आकाराचा गर्डर, म्हणजे तुळई, सुमारे तीन मीटरच्या तुकड्यांनी बनतो. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला टेकवून ओततात, म्हणजे दोघांचे चेहरे एकमेकांत अचूक बसतात. पुढे लाँचिंग गर्डरवर, म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या पोलादी यंत्रावर, ते टांगून, सांध्यांना इपॉक्सी (चिकटवणारे रसायन) लावून, आतून पोलादी केबल ताणल्या की पूर्ण गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, एकसंध होतो. तीन मीटरमध्ये एका मिलिमीटरचा कोन चुकला तर तीस मीटरच्या गाळ्याच्या टोकाशी तो एक सेंटिमीटर होतो, म्हणून जुना तुकडा उचलण्याआधी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, वरच्या सहा खुणांची मापे घेतात आणि सापडलेली चूक पुढच्या तुकड्यात भरून काढतात. ऊन का टाळायचे, हे मला पहिल्या आठवड्यात कळले नव्हते. दुपारी घेतलेली मापे आणि पहाटेची मापे मी स्वतः शेजारी-शेजारी लिहिली तेव्हा तापलेल्या काँक्रिटची आणि साच्याची हालचाल आकड्यांत दिसली. नागपुरात वर्धा मार्गावर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. शक्य झाल्यास त्याच्याखाली उभे राहून खांबांचे आकार पाहावेत. जागेच्या टंचाईतून रचना कशी निघते हे तेथे चटकन समजते.

विद्युत, सिग्नल आणि रुळांच्या कामाबद्दल स्थापत्यवाल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्यांच्या गरजा आपल्या काँक्रिटच्या आधी येतात. स्लॅबमधली केबलची मोकळी जागा किंवा अर्थिंगची पट्टी ओतकामापूर्वी राहून गेली तर नंतर तयार स्लॅब कापावा लागतो. म्हणून प्रत्येक ओतकामाच्या आदल्या दिवशी सर्व विभागांच्या सह्या असलेला नकाशा हातात घेऊन फिरावे. सर्व कामे आटोपल्यावर आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या देखरेखीखाली गाडीच्या चाचण्या होतात आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः मार्ग तपासतात. त्यांच्या मंजुरीवाचून प्रवासी बसवता येत नाहीत.

नोकरी कोठे शोधावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मेट्रोच्या कामात मालक कंपनी, तिच्या वतीने कामावर देखरेख करणारा जनरल कन्सल्टंट, ठेकेदार आणि डिझाइन करणारी सल्लागार संस्था अशा चार बाजू असतात. मालक कंपन्यांच्या जागा लेखी परीक्षेतून आणि काही ठिकाणी गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर भरतात. पगार आणि स्थैर्य तेथे जास्त. तरीही पहिली दोन-तीन वर्षे ठेकेदाराकडे काढावीत असे मी सांगेन, कारण सळई बांधणाऱ्याशी, पंप चालवणाऱ्याशी आणि बिल तपासणाऱ्याशी रोज बोलावे लागते ते तेथेच. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर भूतंत्र (माती आणि खडकाचा अभ्यास) किंवा संरचना हे विषय भुयारी कामात विशेष उपयोगी पडतात. टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र स्वतः लावता यावे. कराराच्या अटी वाचण्याचा कंटाळा करू नये, विशेषतः मुदतवाढ आणि अनपेक्षित भूस्थिती यांची कलमे. अनेक नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात आणि टप्पा संपला की दुसऱ्या शहरात जावे लागते, हे घरी आधीच सांगून ठेवावे. मुलींनी रुजू होण्यापूर्वीच रात्रपाळीला नेण्या-आणण्याची गाडी आणि साइटवर स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, हे लेखी विचारावे. मी विचारले नव्हते आणि पहिल्या साइटवर आठ महिने त्रास काढला.

भुयारी काम मात्र मनाचा ठाव घेते. मुंबईच्या मार्गिका ३ वर ३३.५ किलोमीटरसाठी १७ टीबीएम वापरली गेली. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट हा सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा पेठांखालून आणि मुठेच्या पात्राखालून गेला आहे आणि सिव्हिल कोर्टाचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. आपला बेसॉल्ट कठीण असला तरी एकसारखा नसतो. त्यातल्या भेगांतून पाणी येते आणि मध्येच मऊ थर लागतो. टीबीएम कापते ते वर्तुळ आत बसवलेल्या काँक्रिटच्या कड्यापेक्षा थोडे मोठे असते, आणि ती फट ताबडतोब ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरली नाही तर वरची जमीन बसू लागते. म्हणून मशीन येण्याच्या कितीतरी आधी मार्गावरची प्रत्येक इमारत आतून-बाहेरून पाहून, तिच्या भेगांची मापे आणि फोटो घेऊन, भिंतींवर खुणा बसवतात. मशीन जवळ आल्यावर त्या खुणा दिवसातून कितीदा तरी मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपुढे आकडा गेला तर खोदाई थांबवतात.

अशाच पाहणीसाठी मी नदीजवळच्या पेठेतल्या एका वाड्यात गेले होते. माजघराच्या भिंतीत तीन मिलिमीटर रुंदीची तिरपी भेग होती. मी मापपट्टी लावली तेव्हा खाटेवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाळ, ती तुमची नाही हो. ती पानशेतच्या पुराची." म्हणजे १२ जुलै १९६१ ची. मग त्यांनी खुंटीच्या वर वीतभर अंतरावर बोट ठेवून पाणी कोठवर चढले होते ते दाखवले. चुन्याचा रंग तेथे अजून वेगळा होता. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी शेरा म्हणून ते लिहिले, पाण्याच्या खुणेचाही फोटो घेतला. मशीन खालून गेल्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा मापे घ्यायला गेले. भेग तीन मिलिमीटरच होती. आजींनी चष्मा लावून दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले, प्रत्येक पानावर सही केली आणि विचारले, "पाण्याची खूण पण लिहिलीस ना गं?" ती लिहिली होती, पान चार, फोटो सतरा.