टाइम अ‍ॅक्सिसवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

चार्टिंग लायब्ररीत (चार्ट काढणाऱ्या तयार कोडमध्ये) हातभार लावायचा आहे, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की मी टाइम अ‍ॅक्सिस सांगतो, म्हणजे चार्टवरचा तारीख-वेळ दाखवणारा अक्ष. रंग, अ‍ॅनिमेशन, टूलटिप यांच्याभोवती आधीच गर्दी असते. या वेळेच्या अक्षावरचे इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, मात्र वर्षानुवर्षं उघडे पडून राहतात, कारण दिसायला ते किरकोळ असतात आणि हात घातला की घाम काढतात. ‘तारीख एक दिवस मागे दिसते’ एवढी एका ओळीची तक्रार असते, आणि तिच्यामागे निम्मी लायब्ररी उलगडावी लागते.

गणित फारसं लागत नाही. एक फरक मात्र डोक्यात पक्का बसला पाहिजे: बिंदू कुठे काढायचा हे क्षणावरून ठरतं, खूण, म्हणजे अक्षावरची छोटी रेघ, कुठे मारायची हे कॅलेंडरवरून. क्षण म्हणजे १ जानेवारी १९७०, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद. ती साधी संख्या आहे, तिला स्केलमधून पिक्सेलवर नेणं सोपं. कॅलेंडर इतकं शहाणं नाही. त्यात महिना २८ ते ३१ दिवसांचा, आणि डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत) असलेल्या ठिकाणी एखादा दिवस २३ तासांचा, एखादा २५ तासांचा. हे दोन हिशेब एकाच सूत्रात बसवायला गेलं की बग तयार झालाच म्हणून समजा.

या जातीचा सगळ्यात नेहमीचा बग म्हणजे रोजची खूण काढताना मागच्या खुणेत ८,६४,००,००० मिलिसेकंद मिळवणं. न्यूयॉर्कच्या वेळेत ३ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्रीत हा आकडा मिळवा. हाती येते त्याच तारखेची रात्रीची ११ वाजताची वेळ, कारण तो दिवस २५ तासांचा होता. अक्षावर ‘३ नोव्हेंबर’ दोनदा छापलं जातं आणि पुढच्या सगळ्या तारखा एकेक घर मागे. मार्चमध्ये उलट होतं, आणि ते जास्त फसवं आहे: १० मार्चनंतरच्या खुणा मध्यरात्रीऐवजी पहाटे एकला पडतात, पण लेबलात फक्त तारीख असल्यामुळे ती बरोबरच दिसते. रेघ तासाभराने सरकलेली आहे हे कुणी झूम करेपर्यंत कळत नाही. इलाज म्हणजे मिलिसेकंद न मिळवता जावास्क्रिप्टच्या ‘सेटडेट’ने तारीख एकने वाढवायची, किंवा डी-थ्री या चार्टिंग लायब्ररीच्या ‘टाइमडे’सारखं कॅलेंडर समजणारं इंटरव्हल वापरायचं.

महिन्यांचाही असाच सापळा आहे. ३१ जानेवारी २०२४ वर ‘सेटमंथ’ने एक महिना पुढे गेलात तर २ मार्च येतो, फेब्रुवारी गायब. म्हणून खुणा पहिल्या डेटा बिंदूपासून मोजत जाऊ नयेत. महिन्याच्या १ तारखेला, तासाच्या ठोक्याला, अशा ठरलेल्या जागी त्या बांधाव्यात. याचा दुसरा फायदा चार्ट सरकवताना दिसतो: लेबलं जागच्या जागी राहतात, नाचत नाहीत. डी-थ्रीमध्ये दर दोन दिवसांची खूण प्रत्येक महिन्याला नव्याने सुरू होते, त्यामुळे ३१ आणि १ शेजारी येऊन लेबलं एकमेकांवर चढतात. नवखे लोक याला बग म्हणून नोंदवतात. मला ती तडजोड पटते. दुरुस्ती करायचीच तर लेबलाच्या पातळीवर करा, जागा नसेल तर एक लेबल लपवा. खुणांची जागा हलवू नका.

कुठल्याही इश्यूवर कोड उघडण्याआधी बिघाड नक्की कुठे आहे ते पाहावं: आत आलेल्या माहितीत, खुणांमध्ये, की लेबल छापताना. माहितीतले दोष ओळखायला सोपे असतात. सगळा चार्ट जानेवारी १९७० मध्ये गोळा झालेला दिसला तर सर्व्हर सेकंद पाठवतोय आणि आपण ते मिलिसेकंद समजतोय. ‘२०२४-०३-१०’ अशी नुसती तारीख जावास्क्रिप्ट यूटीसी मानते, आणि तिच्यापुढे ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) न देता वेळ जोडली की तीच स्थानिक मानते. हा नियम कुणाला आवडो न आवडो, आता बदलणार नाही. न्यूयॉर्कमध्ये त्या नुसत्या तारखेची ९ मार्चची संध्याकाळ ७ होते. भारतात सकाळचे साडेपाच होतात, तारीख तीच राहते, म्हणून इथे बसून हा बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही. ‘माझ्याकडे बरोबर चालतंय’ असं इश्यूवर लिहिण्याआधी मशीनचा टाइमझोन बदलून बघा.

आपल्या टाइमझोनचा एक उपयोगही आहे. यूटीसीच्या पुढे साडेपाच तास असल्यामुळे, तासाची सुरुवात काढताना ३६,००,००० ने भागून बाकी टाकणारा कोड इथे लगेच उघडा पडतो: खुणा साडेनऊ, साडेदहा अशा येतात. नेपाळची वेळ पावणेसहा तासांनी पुढे आहे, तिथे तर अजून मजा. साओ पावलोमध्ये ४ नोव्हेंबर २०१८ ला मध्यरात्रीचे १२ वाजलेच नाहीत, घड्याळ थेट १ वर गेलं. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला. ‘दिवसाची सुरुवात म्हणजे ००:००’ असं गृहीत धरलेलं फंक्शन अशा ठिकाणी कोसळतं किंवा, त्याहून वाईट, अनंत लूपमध्ये अडकतं.

टेस्ट लिहिताना हेच झोन वापरा. सीआय सर्व्हर (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रं) बहुधा यूटीसीवर चालतात, आणि यूटीसीमध्ये टाइम अ‍ॅक्सिसचा जवळपास कुठलाच बग दिसत नाही. टाइमझोन ठरवणारं ‘टीझेड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तीच टेस्ट न्यूयॉर्क, कोलकाता, काठमांडू आणि लॉर्ड हाऊ बेटाच्या वेळेत चालवा. या शेवटच्या ठिकाणी डेलाइट सेव्हिंग अर्ध्या तासाचं असतं. आधी नापास होणारी टेस्ट एका कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) आणि दुरुस्ती दुसऱ्या कमिटमध्ये ठेवली, तर मेंटेनरला, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याला, तुमचं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही.

चार्ट दुसऱ्याच टाइमझोनमध्ये दाखवायचा असेल तर जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट अपुरा पडतो, त्याला फक्त यूटीसी आणि मशीनची स्थानिक वेळ कळते. मग ‘इंटल डेटटाइमफॉरमॅट’ या तारीख छापणाऱ्या साधनाला झोन देऊन ‘फॉरमॅटटूपार्ट्स’मधून तुकडे घ्यावे लागतात. हा फॉरमॅटर बनवणं महाग असतं. एकदा बनवा आणि जपून ठेवा, प्रत्येक खुणेला नवा बनवला तर सरकवताना चार्ट अडखळतो. झूम आउटचीही काळजी घ्या: एकक सेकंदावर अडकलं आणि वर्षभराची माहिती आली, तर ३,१५,३६,००० खुणा तयार होतात आणि टॅब गोठतो. चार्ट डॉट जेएस ही लायब्ररी अशा वेळी सरळ एरर देते, आणि मला तेच योग्य वाटतं.

सुरुवातीला छोटाच इश्यू उचला, शक्यतो लेबलांचा. तो आपल्याच रिपॉझिटरीतला (कोडच्या साठ्यातला) आहे ना, हेही तपासा. चार्ट डॉट जेएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तारखांचं काम वेगळ्या डेट अ‍ॅडॅप्टरकडे असतं, त्यामुळे फॉरमॅटची बरीच गाऱ्हाणी तिथेच न्यायची असतात. पुल रिक्वेस्टला (बदल स्वीकारण्याच्या विनंतीला) आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा, खाली झोनचं नाव लिहा. आणि डिफॉल्ट बदलू नका, कितीही चुकीचं वाटलं तरी. लोकांच्या स्नॅपशॉट टेस्ट (आधीच्या निकालाशी तुलना करणाऱ्या) त्यावर उभ्या असतात. नवीन पर्याय द्या, जुना तसाच ठेवा, बदलाची चर्चा मोठ्या आवृत्तीच्या वेळी होईल.

टेम्पोरल ही जावास्क्रिप्टची नवी तारीख-वेळ प्रणाली फायरफॉक्समध्ये आली आहे, आणि तिच्यात झोन धरून दिवस मिळवता येतो. पण ती जोडताना आतली सगळी रचना बदलायच्या फंदात पडू नका. माहिती आत येते तिथे टेम्पोरल स्वीकारा, बिंदूंसाठी मिलिसेकंदच ठेवा, आणि फक्त खुणा काढणारं फंक्शन तिच्यावर न्या. एवढ्या मापाची पुल रिक्वेस्ट कुणीतरी वाचून मंजूर करू शकतं.